कार्यक्रमासाठी तात्पुरते

"मॅडम, आता C कोण शिकतं हो?" असं विचारणाऱ्याच्या तोंडावर दार लावायची मला सवय झाली आहे. इचलकरंजीत माझ्या C प्रोग्रॅमिंगच्या क्लासवर हसणाऱ्यांची कमी नाही. प्रोग्रॅम आता यंत्रं लिहितात. माणूस तोंडानं सांगतो, एक यंत्र लिहितं, दुसरं तपासतं, तिसरं शाबासकीचं प्रमाणपत्र छापतं. वाचत कुणीच नाही. लिहिता येत नाही याचं मला एवढं काही वाटत नाही. पण वाचता येत नाही आणि त्याची लाजही वाटत नाही, याचा मला भयंकर राग येतो.

तरी दरवर्षी चारदोन टाळकी येतात. पहिल्या दिवशी मी टेबलावर स्टीलचा एक डबा ठेवते. फळ्यावर लिहिते:

int vay;

"हा डबा. यात आकडा राहणार, एवढं ठरलं. डब्यावर नाव चिकटवलं, वय. आता सांगा, आत काय आहे?"

"काही नाही, मॅडम." सगळी एका सुरात.

मी झाकण काढते. आत लसणाची चटणी असते. मग पोरं हसतात.

"डबा हातात आला म्हणजे तो रिकामाच असतो, असं तुम्हाला कुणी सांगितलं? शेजारणीकडून परत आलेला डबा कधी रिकामा येतो का? निदान चिमूटभर साखर तरी असतेच. कॉम्प्युटरचंही तेच. तुमच्याआधी तो डबा ज्यानं वापरला, त्याचं उरलंसुरलं आत पडलेलं असतं. म्हणून नाव दिल्याबरोबर पहिलं काम, आत आपली किंमत ठेवायची."

vay = 18;

"उजवीकडचं उचलायचं, डावीकडच्या डब्यात ठेवायचं. ही गणितातली बरोबरी नाही, हा हुकूम आहे. आणि नवीन ठेवलं की जुनं गेलं. कुठं गेलं विचारू नका. गेलं."

इतका साधा धडा आहे. पुढं जे सगळं झालं ते या धड्याच्या बाहेरचं नाही, आणि ते माझ्या सख्ख्या भावाच्या अंगावर झालं.

संग्राम माझ्याहून धाकटा. वीज मंडळात लाइनमन होता. खांबावरून पडला आणि कमरेखालचं सगळं गेलं. चाकाच्या खुर्चीत बसून बसून त्याचे दंड जाड झाले आणि पाय काड्यांसारखे झाले. मग 'पादसेतू' कंपनीचा पट्टा आला.

पट्ट्याची कल्पना खरोखर सुंदर आहे, तेवढं मी मान्य करते. कणा दुखावला की मेंदूचा निरोप जखमेपाशी येऊन थांबतो. खालच्या नसा धडधाकटच असतात, त्यांना हुकूम द्यायला कुणी उरत नाही. पट्टा तो हुकूम देतो. छाती आणि खांदे कसे हलतात यावरून माणसाला कुठं जायचंय ते ओळखतो, आणि कण्यात आधीच ऑपरेशननं बसवलेल्या बारीक तारांतून एकेका स्नायूपर्यंत वीज पोचवतो. आधी मांडी, मग पोटरी, मग पंजा. कुठल्या स्नायूला किती आणि नेमकी कधी, हे प्रत्येकाचं वेगळं. ते आकडे म्हणजेच त्या माणसाची चाल. म्हणून पट्टा आधी कोरा असायला हवा. माणसाला आडवं झोपवून, काही आठवडे स्नायू चाचपत चाचपत तो ते आकडे शिकतो.

दुसरी गोष्ट त्यातल्या मेमरीची. पूर्वी वीज गेली की मेमरी विसरायची. आता जी चुंबकी मेमरी निघाली आहे ती विसरत नाही. बॅटरी काढा, वर्षभर कपाटात टाका, आत ठेवलेलं जसंच्या तसं. या शोधाचं केवढं कौतुक झालं! यंत्र आता विसरत नाही, मग ज्याला द्यायचं त्याच्या आधीच्या माणसाचंही ते विसरणार नाही, एवढा विचार करायला मात्र कुणाला सवड झाली नाही.

पट्ट्यांचं वाटप नाट्यगृहात झालं. वाटप म्हटलं की आपल्याकडे कार्यक्रम आलाच. फ्लेक्स, दीपप्रज्वलन, शाल, नारळ, प्रत्येक पाहुण्याला दोनदा टाळ्या मागणारा निवेदक. रंगमंचावर रुग्ण एका रांगेत मांडले होते. मांडलेच म्हणते मी, दुसरा शब्द नाही. पाहुण्यांच्या हस्ते पट्टा, लगेच फोटो, आणि फोटोनंतर रुग्णानं चालून दाखवायचं.

कंपनीचा इंजिनियर कौस्तुभ नावाचा एक टापटीप मुलगा होता. मी त्याला विंगेत गाठलं.

"आधी झोपवून शिकवायचं असतं ना याला?"

"आता नाही लागत मॅम. डायरेक्ट चालतात."

"असं कसं?"

"टेक्नॉलॉजी पुढे गेलीय मॅम," तो हसून म्हणाला आणि निवेदकाला खूण करून निघून गेला.

संग्राम उठला. धडपडला नाही, चाचरला नाही, रंगमंचाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला. नाट्यगृह उठून उभं राहिलं. मीही हुंदके देऊन रडले, नाही कशाला म्हणू? रांगेतल्या दोघांचे पट्टे नवेकोरे, चकचकीत होते. त्या दोघांना मात्र उठवलंच नाही. "यांचं नंतर होईल," निवेदक म्हणाला. टाळ्यांच्या भरात ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही. माझ्याही नाही.

घरी आल्यावर हळूहळू डोकं ताळ्यावर आलं. संग्राम पडण्याआधी टाचा आपटत चालायचा. जिन्यावर त्याची पावलं वाजली की आई ताट वाढायला घ्यायची. आता हा चवड्यांवर, लगबगीनं चालत होता, आणि डावा पाय दर पावलाला जरा बाहेर झटकत होता, चपलेत खडा गेल्यासारखा. चाल चांगली होती. त्याची नव्हती, इतकंच.

मग उजवा गुडघा सुजायला लागला. डॉक्टरांनी फोटो काढले आणि मान हलवली. हाडं एका मापाची, झोक दुसऱ्या मापाचा. असंच चाललं तर गुडघा निकामी होईल, आणि गुडघा गेला की पट्टा बांधून उपयोग नाही. पुन्हा खुर्ची, आणि या वेळी कायमची.

मी कंपनीला फोन केला. "सवय होईल मॅम." पुन्हा केला. "पेशंट व्यायाम नीट करत नसतील." तिसऱ्यांदा केला तर उलट मलाच ऐकवलं की पट्ट्याचा चुकीचा वापर होत असल्याचं दिसतंय, तसं असेल तर पट्टा परत घ्यावा लागेल. माझ्या भावाचे पाय परत घेणार! दुकानातून आणलेला मिक्सर होता का तो? मी फोन आपटला.

एका दुपारी संग्राम माझा जेवणाचा डबा घेऊन क्लासवर आला. त्याच्या पाठोपाठ एक बाई आत शिरल्या. साठीच्या पुढच्या, अंगावर इस्त्रीची सुती साडी, धापा टाकत होत्या.

"तुम्ही मगाशी मंडईत होता न्हवं?" त्यांनी संग्रामला विचारलं. "मी हाका मारत आले मागनं. पण हाक मारू तरी काय म्हणून? नाव ठाऊक न्हाई."

"काय झालं काकू? बसा आधी," संग्राम म्हणाला.

"बसत न्हाई. तुम्ही तेवढं परत एकदा चाला बघू. दारापासनं फळ्यापर्यंत."

तो चालला. बाईंनी बाकाची कड घट्ट धरली आणि मग बसल्याच.

"माझा सन्मती असा चालायचा," त्या म्हणाल्या. "गाडीवरनं पडला, मग हाच पट्टा बांधला त्याला. झोपून राहून शिकला बघा तो, किती दिवस. डावा पाय असाच झटकायचा. लहानपणापासनं झटकायचा, मी रागवायची. पट्ट्यानंबी तेच उचललं. मग कावीळ झाली आणि गेला. सुतकातच ही माणसं आली आणि पट्टा काढून घेऊन गेली. म्हणाली, स्वच्छ करून दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडेल."

त्यांचं नाव हेमलता मगदूम. हायस्कूलमध्ये भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. त्या बोलत होत्या आणि माझ्या अंगावर काटा येत होता, कारण मला कळलं होतं. पहिल्या दिवशीचा डबा. उघडला तर आत दुसऱ्याचं काहीतरी.

अंगावर बसवलेल्या यंत्राचा प्रोग्रॅम मागण्याचा हक्क आता कायद्यानं रुग्णाला आहे. कुणी मागत नाही, कारण मागून वाचणार कोण? संग्रामच्या सहीनं मी मागितला. कंपनीनं बिनदिक्कत पाठवला. एक बाई, गल्लीतला क्लास, काय वाचणार आहे ही, असंच त्यांना वाटलं असणार. हजारो ओळी होत्या. पण कुठं बघायचं ते मला माहीत होतं. जिथं डबे मांडतात तिथं.

चालीचे सगळे आकडे एका मोठ्या डब्यात ठेवलेले होते. त्याचं नाव chal. शेजारी kori नावाचा तसाच डबा, त्यात नुसती शून्यं. नवीन रुग्णाला पट्टा बांधला की kori मधलं chal मध्ये ठेवायचं, म्हणजे चाल कोरी होणार आणि पट्टा पहिल्यापासून शिकायला लागणार. तशी ओळ असायला हवी होती. मला वाटलं होतं, यंत्रानं लिहिताना ती राहून गेली असेल.

राहून गेली नव्हती. ओळ होती.

// chal = kori; // कार्यक्रमासाठी तात्पुरते

ओळीच्या आधी दोन तिरक्या रेघा मारल्या की कॉम्प्युटर ती ओळ वाचत नाही, शेरा समजून पुढं जातो. पहिल्या आठवड्यातल्या पोरालाही हे ठाऊक असतं. या दोन रेघा यंत्रानं मारलेल्या नव्हत्या. यंत्र असं मराठीत चोरट्यासारखं लिहीत नाही. कुणीतरी माणसानं हातानं मारल्या होत्या. का, तर कोरा पट्टा रंगमंचावर चालत नाही. कोऱ्या पट्ट्याचा माणूस आठवडेच्या आठवडे पलंगावर पडून राहतो, त्याचा फोटो काय काढणार? मेलेल्या माणसाचा पट्टा मात्र बांधल्याबरोबर चालतो. नव्या पट्ट्याच्या त्या दोघांना का उठवलं नाही, ते मला आत्ता समजलं. टाळ्या कुणाच्या पायांना मिळाल्या तेही समजलं.

मी खुर्ची लाथेनं उडवली. माझ्याच क्लासची खुर्ची, मोडली.

ती ओळ चालू करणं हे एका क्षणाचं काम होतं. पण पाहण्याचा हक्क आहे, बदलण्याचा नाही. बदल केल्यास पट्टा जप्त, असं करारात ठळक लिहिलेलं. मी म्हटलं, जप्त करतील तेव्हा बघू, आधी गुडघा वाचवू. मला वाटलं संग्राम हो म्हणेल.

"नगं," तो म्हणाला.

"काय नगं?"

"ताई, मी रोज सकाळी मगदूम काकूंच्याकडं जातो. अंगणात चालतो. ती माऊली पायरीवर बसून नुसती बघत असती. पुसून टाकलंस तर परत येणार हाय का ते?"

"गुडघा बघितलास का आरशात? उद्या खुर्चीत बसशील परत!"

"बसलो होतोच की एवढी वर्षं. सवय हाय."

"सवय! त्या कंपनीची भाषा बोलायला लागलास तू? तुझा पाय, तुझा गुडघा, आणि चाल कुणा दुसऱ्याची. तुला कुणी विचारलं होतं? तिला कुणी विचारलं होतं? कार्यक्रमासाठी केलं त्यांनी हे, कार्यक्रमासाठी!"

"तुला ओळीतली चूक दिसती, ताई. माणूस दिसत न्हाई."

हे ऐकून मी जे बोलले ते इथं लिहीत नाही. तो पाय झटकत झटकत निघून गेला, आणि त्या झटकण्याचाही मला इतका संताप आला की तो पोरगा जिवंत असता तर त्यालाही चार शब्द सुनावले असते. मग त्याचीच लाज वाटली, आणि लाजेनं संताप आणखी वाढला.

दुसऱ्या दिवशी मी सरळ मगदूम बाईंच्या घरी गेले. भांडायलाच गेले होते. त्यांनी पाणी दिलं. मी ते तसंच ठेवून म्हटलं, "काकू, माझ्या भावाला तुम्ही चालवताय, पण त्याचा गुडघा बघितलाय का कधी?"

"गुडघ्याला काय झालंय?"

त्यांना खरंच माहीत नव्हतं. संग्राम ढगळ पँट घालून जायचा आणि जाण्याआधी दुखण्याची गोळी घ्यायचा. मी डॉक्टरांनी काढलेले गुडघ्याचे फोटो त्यांच्यापुढं टाकले आणि सगळं सांगितलं. डबा, ओळ, दोन रेघा, रंगमंच. मी उठून आले. मला वाटलं, आता ही रडणार आणि माझा भाऊ आणखी पाघळणार.

दुपारी त्या क्लासवर आल्या. सोबत संग्राम, मान खाली घातलेला. वर्गात शिरल्याशिरल्या त्यांनी शाळेतल्या आवाजात हुकूम सोडला.

"पँट वर कर."

"काकू, तसं काही..."

"वर कर म्हणते न्हवं!"

त्यानं केली. गुडघा नारळाएवढा झाला होता. बाईंनी तो नीट बघितला. मग माझ्याकडे वळल्या.

"ती ओळ दाखवा मला."

मी स्क्रीन त्यांच्याकडं वळवली. त्यांनी चष्मा लावला, पुढं वाकल्या आणि बोट ठेवून वाचलं. शेवटच्या शब्दांपाशी बोट थांबलं.

"तात्पुरतं," त्या म्हणाल्या. "माझं पोरगं मेलं, त्याचा पाय ह्यांनी तात्पुरता वापरला? स्टेजवर नाचवायला? मी अंगणात बसून डोळं भरून बघत होते आणि हे मागनं ह्या लेकराचा गुडघा खात होते? आणि मीबी खात होते की! मला वाटलं देवानं धाडला."

"काकू, तुमचा काय दोष..." संग्राम म्हणाला.

"तू गप. तुला दुसऱ्याच्या आईचं एवढं पडलंय, स्वतःच्या बहिणीचं न्हाई? ती इथं खुर्च्या मोडत बसलीय." मग मला म्हणाल्या, "ह्या दोन रेघा काढल्या की झालं?"

"झालं. पण थांबा." मी त्यांचा हात धरला. "पोरांना मी दोन डब्यांतल्या वस्तूंची अदलाबदल करायला सांगते. प्रत्येक पोरगं पहिल्या डब्यात दुसऱ्यातलं टाकून मोकळं होतं. मग बघतं तर पहिल्यातलं गेलेलं, शोधून सापडत नाही. म्हणून आधी तिसरा डबा घ्यायचा. काढायचं ते त्यात ठेवायचं, मग नवीन भरायचं."

मी पट्ट्याला वायर जोडली आणि जिथं डबे मांडतात तिथं juni नावाचा तिसरा डबा मांडला. त्या ओळीच्या वर आणखी एक ओळ लिहायची होती. ती मी नाही लिहिली. मगदूम बाईंना कीबोर्डसमोर बसवलं. चार दशकं फळ्यावर नद्या काढलेली बोटं एकेक अक्षर शोधत फिरत होती.

juni = chal;

"उजवीकडचं डावीकडं ठेवायचं," मी म्हटलं.

"कळलं. शिकवायचा धंदा माझाबी होता."

मग खालच्या ओळीच्या सुरुवातीला कर्सर नेला आणि दोन रेघा त्यांनी स्वतः पुसल्या. शेवटचा शेरा मी पुसू दिला नाही, तो लागणार होता. आधी मूळ प्रोग्रॅम मी एका पेन ड्राइव्हवर जसाच्या तसा घेतला, मग पट्टा बंद करून नवीन रुग्ण म्हणून पुन्हा चालू केला, आणि juni मध्ये आलेले सगळे आकडेही त्याच पेन ड्राइव्हवर उतरवून घेतले.

संग्रामला दोन बाकं जोडून त्यावर आडवं केलं. पट्ट्याचा दिवा आता पिवळा होता. शिकतोय, असा त्याचा अर्थ. हे शिकणं आठवडेच्या आठवडे चालणार होतं, दुखणार होतं, आणि मधेच कंपनीचा माणूस येऊन पट्टा सोडवून नेऊ शकत होता. आम्ही तिघंही त्याच्या पायांकडं बघत बसलो. बराच वेळ काहीच झालं नाही. मग उजव्या पायाचा अंगठा किंचित हलला, वेडावाकडा, कुठल्याच दिशेला नाही असा.

"हे माझं हाय व्हय?" संग्रामनं विचारलं.

"तुझंच," मी म्हटलं, आणि लगेच रागावले. "हलू नकोस. पडून राहा गपचिप."

मगदूम बाईंनी पदरानं डोळे कोरडे केले. एकदाच. मग पेन ड्राइव्ह माझ्या हातातून घेतला, उलटासुलटा करून बघितला. नखाएवढी वस्तू.

"ह्यात हाय तो?"

"त्याची चाल आहे. शिवाय ती ओळ आहे, शेऱ्यासकट."

"मोडलेल्या पायांची माणसं अजून किती उभी केलीत त्यांनी अशी?"

"माहीत नाही. प्रत्येक गावात कार्यक्रम होतो."

"प्रत्येकाची कुठंतरी आई असंल," त्या म्हणाल्या. "कुणी गेलेल्याची, कुणी फसवलेल्याची." त्यांनी पर्स उघडली, पेन ड्राइव्ह आतल्या कप्प्यात ठेवला, चेन लावली आणि उठल्या. "पुढचा कार्यक्रम कुठं हाय त्यांचा?"

"शिरोळला. रविवारी."

"तुम्ही येताय न्हवं?"

"येते की. पण स्टेजवर चढू देतील का आपल्याला?"

"मुलाचा पट्टा समाजाला दिलेली आई म्हणून माझा सत्कार करायचा होता त्यांना मागं. मी नको म्हटलं होतं." त्यांनी निऱ्या सारख्या केल्या आणि फोन काढला. "आता सांगते, येते म्हणून. माइक देतात न्हवं सत्काराला?"